थंडीतलं क्योतो, कमी खर्चात: तारखा धरून जा

क्योतोला कधी यावं असं कुणी विचारलं की मी एकच सांगते: जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत. साकुराच्या, म्हणजे चेरीच्या फुलांच्या, आणि लाल पानांच्या दिवसांत खोल्यांचे भाव आभाळाला टेकतात आणि देवळांच्या वाटांवर माणसाला माणूस खेटून चालतं. थंडीत तेच शहर, तीच देवळं, भाव मात्र खाली आलेले. मी ओसाकात राहते. जलद लोकलने क्योतो अर्ध्या तासावर, भाडं सहाशे येनच्या आत. त्यामुळे सासर-माहेरची मंडळी आली की क्योतो दाखवायचं काम माझ्याकडे असतं. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. हिशेबासाठी 100 येन म्हणजे साधारण 55 ते 60 रुपये धरा.

आधी टाळायच्या तारखा. 28 डिसेंबर ते 4 जानेवारी नकोच. राजवाडा बंद, बरीच दुकानं बंद आणि नववर्षाच्या दर्शनाला फुशिमी इनारीला प्रचंड रांगा. चिनी नववर्षाचा आठवडाही टाळा, कारण तेव्हा भाव पुन्हा चढतात. एरवीही शनिवारची रात्र महाग असते. रविवारी दुपारी पोचून गुरुवारी किंवा शुक्रवारी निघालात तर त्याच खोलीला बरेच कमी पैसे पडतात.

आता धरायच्या तारखा. माझ्या मते खरी बचत इथे आहे, कारण या दिवशी जे बघायला मिळतं ते एरवी पैसे देऊनही मिळत नाही. 15 जानेवारीच्या जवळच्या रविवारी सान्जूसान्गेन्दो या देवळाच्या आवारात धनुर्विद्येचा मोठा कार्यक्रम होतो. नुकत्याच सज्ञान झालेल्या मुली रंगीत किमोनोत ओळीने उभ्या राहून 60 मीटरवरच्या लक्ष्यावर बाण सोडतात आणि त्या दिवशी देवळात प्रवेशही फुकट असतो. 21 जानेवारीला तोजी देवळाच्या अंगणात वर्षातला पहिला मोठा बाजार भरतो. 3 फेब्रुवारीच्या सुमाराला सेत्सुबुन. योशिदा देवस्थानात, मिबु-देरात लोक भाजलेले सोयाबीन उधळून भुतांना हाकलतात. त्यालाही तिकीट नाही. 25 फेब्रुवारीला कितानो तेन्मान्गूला प्लमच्या फुलांचा उत्सव आणि त्याच दिवशी तिथला महिन्याचा जुन्या वस्तूंचा बाजार. यातली एक तारीख पक्की करा आणि बाकीची सहल तिच्या भोवती बसवा.

राहायला क्योतो स्टेशनच्या दक्षिणेला, हाचिजो बाजूला, हॉस्टेलं आणि बिझनेस हॉटेलं पुष्कळ आहेत. हॉस्टेलमध्ये एका खाटेला थंडीत साधारण अडीच ते चार हजार येन पडतात. कुटुंब असेल तर ओत्सूचा विचार करा. बिवा सरोवराकाठचं हे गाव क्योतोपासून रेल्वेने दहा मिनिटांवर आहे, भाडं दोनशे येनच्या आसपास. तिथली खोली बहुतेकदा मोठीही असते आणि स्वस्तही. क्योतोत राहिलात तर शहराचा मुक्काम-कर वेगळा लागतो, स्वस्त खोलीला रात्रीमागे माणशी 200 येन. तो बऱ्याचदा हॉटेलात पोचल्यावर मागतात, तेव्हा गोंधळून जाऊ नका.

कान्साई विमानतळावरून हारुका एक्स्प्रेस थेट येते. पण सामान फार नसेल तर जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, जलद गाडीने ओसाकाला या आणि तिथे गाडी बदला. साधारण 1,900 येनमध्ये काम होतं, वेळ अर्धा तास जास्त जातो. देशभर फिरायचा जेआर पास निव्वळ क्योतोसाठी काढू नका. 2023 च्या ऑक्टोबरपासून सात दिवसांचा पास 50,000 येनचा झाला आहे आणि तोक्योहून एकदा येऊन-जाऊन तेवढे पैसे वसूल होत नाहीत. तोक्योहून यायचं तर रात्रीची बस सगळ्यात स्वस्त.

शहरात सिटी बसला सरसकट 230 येन. मागच्या दाराने चढायचं, उतरताना पुढे ड्रायव्हरजवळ पैसे टाकायचे. नुसता बसचा एक दिवसाचा पास आता मिळत नाही. जुन्या माहितीत तो अजून दिसतो, त्यावर विसंबू नका. बस आणि मेट्रो दोन्हींचा पास 1,100 येनला आहे, पण दिवसात पाच वेळा चढ-उतार होणार असेल तरच तो परवडतो. माझा नियम साधा आहे: एका दिवशी शहराची एकच बाजू घ्यायची, सकाळी एकदा बसने जायचं, संध्याकाळी एकदा परत यायचं, मधलं सगळं पायी. पास लागतच नाही.

पायी फिरायचं म्हणजे थंडीची तयारी हवी. क्योतो तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं आहे आणि थंडी जमिनीतून वर चढते. पहाटे पारा शून्याच्या आसपास, दुपारी आठ-नऊ अंश. आपल्याकडची मंडळी एकच जाडजूड जॅकेट घेऊन येतात. त्यापेक्षा आत थर्मल, वर पातळ स्वेटर, त्यावर वारा अडवणारं काहीतरी असे थर बरे, कारण बसमध्ये आणि दुकानांत हीटर जोरात असतो. तिथे पोचल्यावर शंभर येनच्या दुकानातून काइरो घ्या. ही गरम होणारी पाकिटं कपड्याला आतून चिकटवायची, उघड्या कातडीवर कधीच नाही, चटका बसतो. पायांसाठी वेगळी मिळतात. देवळांत बूट काढून गार लाकडी फरशीवर चालायचं असतं, म्हणून लोकरीचे जाड मोजे आणि पटकन निघणारे बूट हवेत.

दुसरी काटकसर उजेडाची करावी लागते. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो आणि पाचच्या सुमाराला मावळतो. देवळं चार ते पाचच्या दरम्यान बंद होतात, सान्जूसान्गेन्दोत तर थंडीत साडेतीननंतर आत सोडत नाहीत. म्हणून दिवस लवकर सुरू करायचा. कियोमिझु-देरा सकाळी सहाला उघडतं, तिकीट 500 येन. पावणेसातला तिथे पोचा. 1633 साली पुन्हा बांधलेला तो लाकडी सज्जा दरीवर 13 मीटर उंच उभा आहे. उजाडताना खालच्या झाडांवर दव गोठलेलं असतं आणि सज्ज्यावर मोजकी माणसं. दहा वाजता याच जागी फोटोसाठी रांग लागते.

तिथून उतरताना सान्नेन्झाकाच्या दगडी पायऱ्या लागतात. दुकानांची फळकुटं अजून बंद असतात आणि जुन्या लाकडी घरांची ओळ पूर्ण दिसते. पायऱ्या ओल्या असल्या की फार निसरड्या होतात, वयस्कर माणसांचा हात धरा. पुढे यासाका देवस्थान, मारुयामा बाग, मग चिओन-इनचा 24 मीटर उंच दरवाजा. आवारात फिरायला या तिन्ही ठिकाणी पैसे पडत नाहीत. उत्तरेला चालत राहिलं की नान्झेन-जी येतं. इथे मी पाहुण्यांना हमखास थांबवते. झेन देवळाच्या आवारातून विटांच्या कमानींवरून पाण्याचा कालवा जातो, 1888 चं बांधकाम. राजधानी तोक्योला गेल्यावर क्योतोला उतरती कळा लागली. तेव्हा डोंगर फोडून बिवा सरोवराचं पाणी शहरात आणायचं ठरलं आणि ते काम ताज्या पदवीधर इंजिनिअरकडे, तानाबे साकुरोकडे दिलं. 1890 मध्ये कालवा पुरा झाला, त्याच पाण्यावर वीज निघाली आणि त्या विजेवर 1895 मध्ये जपानमधली पहिली विजेची ट्राम क्योतोत धावली. कमानींखाली उभं राहून विटांचे कोपरे हाताने चाचपून बघा, वर पाणी वाहतं त्याचा आवाज येतो.

नान्झेन-जीच्या उत्तरेला कालव्याकाठची दोनेक किलोमीटरची पायवाट धरली की गिन्काकु-जी येतं. थंडीत साकुराच्या फांद्या निष्पर्ण असतात, पण त्यामुळेच मागचे डोंगर दिसतात. गिन्काकु-जीला 500 येन द्या, ते वसूल होतात. शेवाळाची बाग थंडीतही हिरवी असते आणि मागच्या टेकडीवरून सगळं शहर दिसतं. एवढा सगळा दिवस दोन तिकिटांत आणि दोन बसभाड्यांत होतो.

दुसरा दिवस स्टेशनच्या आसपासचा, आणि मराठी माणसाने तो चुकवू नये. हाचिजो बाजूने पंधरा मिनिटं चाललं की तोजी येतं. तिथला पाच मजली पॅगोडा सुमारे 55 मीटर उंच, जपानमधली सगळ्यात उंच लाकडी वास्तू. आवारात फुकट फिरता येतं, पण आतल्या सभागृहांचं तिकीट जरूर काढा. कूकाई या आचार्यांनी नवव्या शतकात योजलेलं 21 मूर्तींचं मंडल तिथल्या व्याख्यान-सभागृहात आहे. अंधूक उजेड, गारठा, आणि एका टोकाला चार हंसांवरच्या कमळात बसलेला चार तोंडांचा बोन्तेन. दुसऱ्या टोकाला पांढऱ्या हत्तीवर बसलेला ताइशाकुतेन. पहिला ब्रह्मदेव, दुसरा इंद्र. माझ्या सासूबाई तिथे पाटी न वाचताच म्हणाल्या, "अगं, हा आपला ब्रह्मदेव." हंस बघून त्यांनी ओळखलं. भारतातून चीनमार्गे इथवर आलेले देव बाराशे वर्षं त्याच वाहनांवर बसले आहेत. इथे घाई करू नका.

21 तारीख गाठली असेल तर बाहेर शेकडो पथाऱ्या असतात. जुने किमोनो, चिनीमातीची भांडी, सुऱ्या, लोणची. जुना किमोनो हजार येनलाही मिळून जातो. सकाळी लवकर जा, दुपारी तीननंतर माल आवरायला लागतात.

त्याच दिवशी सान्जूसान्गेन्दो करा, 600 येन. 120 मीटर लांबीच्या एकाच दालनात कान्नोनच्या, म्हणजे करुणेच्या देवतेच्या, 1,001 मूर्ती आहेत आणि त्यांच्यापुढे 28 रक्षक देवता. त्यांत बासरी वाजवणारा, पंखांचा आणि चोचीचा गरुड शोधा, मुलांना फार आवडतो. फोटो काढायला मनाई आहे.

बाकीचं थोडक्यात. फुशिमी इनारी चोवीस तास उघडं आणि फुकट. क्योतोहून जेआरने दोन स्टेशनं. सुरुवातीच्या लाल कमानींपाशी गर्दी असते, योत्सुत्सुजीच्या चौकापर्यंत चढलात की ती विरळ होते. सम्राटांचा जुना राजवाडा सोमवारी बंद, एरवी फुकट. निजो किल्ल्यात जायचं तर जानेवारीत मंगळवारी निनोमारु महाल बंद असतो हे लक्षात ठेवा. आराशियामाचं बांबूचं बन सकाळी आठच्या आधी बघितलं तरच मजा. किन्काकु-जी, म्हणजे सोनेरी मंडपाचं देऊळ, मी एरवी शेवटी ठेवते, पण रात्री बर्फ पडला तर बेत मोडून तिकडेच जा. बर्फ वर्षात मोजकेच दिवस पडतो आणि उन्हं वर आली की वितळतो. नऊला दार उघडतं, त्याआधी रांगेत हवं.

खाण्याचं. मांस-मासे खाणाऱ्यांची काही अडचण नाही. साध्या दुकानात गरम उदोन (जाड शेवयांचं सूप) किंवा ग्यूदोन (भातावर गोमांस) चार-पाचशे येनला मिळतं. शाकाहाऱ्यांनी मात्र एक गोष्ट पक्की समजून घ्यावी: नुसत्या भाज्यांच्या सूपमध्येही बोनिटो माशाचा अर्क असतो. म्हणून घरून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, थोडं लिंबाचं लोणचं आणा. ताजी फळं-भाज्या मात्र विमानतळावर अडवतात, त्या आणू नका. शिजवलेल्या भाताचे पॅक सुपरमार्केटमध्ये मिळतात, हॉस्टेलच्या मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटांत गरम होतात. गरम भात, मेतकूट आणि तिथलं घट्ट दही असं जेवण शंभर-दोनशे येनमध्ये होतं. थंडीत सुपरमार्केटच्या दाराशी भाजलेली रताळी ठेवलेली असतात, आतून मधासारखी गोड, दुपारी एक खाल्लं की संध्याकाळपर्यंत पोट शांत. रात्री सातनंतर तयार डब्यांवर सवलतीचे स्टिकर लागतात, उशिरा गेलात तर निम्म्या किमतीला. रस्त्यावरच्या यंत्रांत लाल पट्टीची पेयं गरम असतात, निळ्या पट्टीची गार. निशिकी बाजार बघायला जा, पण तिथे पोट भरायला जाऊ नका, महाग पडतं. खोलीभाडं सोडून माणशी दिवसाला 3,000 ते 3,500 येनमध्ये तिकिटं, बस आणि खाणं बसतं.

एका संध्याकाळी सेन्तोला, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहात, जाच. दिवसभर चालून गारठलेले पाय दुसऱ्या दिवशी चालायचे असतील तर याला तोड नाही. शहराच्या उत्तरेचं फुनाओका ओन्सेन 1923 मधलं आहे. कपडे बदलायच्या खोलीचं छत कोरीव आणि रंगीत, भिंतींना जुन्या नक्षीदार टाइल्स, आणि दर इतर सेन्तोंसारखाच, पाचशेच्या थोडा वर. बायका आणि पुरुष वेगळे, आत कपडे चालत नाहीत. आपल्याकडच्या बायकांना पहिली पाच मिनिटं संकोच वाटतो, पण तिथे कुणी कुणाकडे बघत नाही. आधी स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ, मगच कुंडात उतरायचं. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, केस वर बांधायचे. टॉवेल आणि साबण घरून न्या, नाहीतर वेगळे पैसे पडतात. आणि बाहेर शून्याजवळचा गारठा असतो, तेव्हा केस पूर्ण वाळवूनच निघा. ड्रायरला नाणी लागतात, दहा-दहा येनची चार-पाच खिशात असू द्या.