बाकनच्या तेल-उत्पादनाचे आकडे कसे वाचावेत

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्याचे तेल-उत्पादन एप्रिल २०१४ मध्ये दिवसाला १० लाख बॅरलच्या वर गेले, नोव्हेंबर २०१९ मध्ये १५ लाखांच्या पुढे पोचले आणि मे २०२० मध्ये ९ लाखांच्याही खाली घसरले. यातले बहुतांश तेल बाकन या खोल खडकथरातले आणि त्याच्या लगेच खालच्या थ्री फॉर्क्स थरातले. पण एकूण आकडा वाढला म्हणून क्षेत्र जोमात आहे, असे मानू नका. जुन्या विहिरींची घट आणि नव्यांची भर वेगवेगळी काढली तरच वाढीचा अर्थ लागतो.

आधी महिन्याच्या बेरजेला त्या महिन्याच्या दिवसांनी भागा. जानेवारीत ३ कोटी ७२ लाख आणि फेब्रुवारीत ३ कोटी ३६ लाख बॅरल निघाले तर ३६ लाखांची घट दिसते. प्रत्यक्षात दोन्ही महिन्यांत दर दिवसाला १२ लाखच आहे.

एकेका विहिरीच्या तक्त्यात चालू दिवस, तेल, पाणी आणि वायू यांचे रकाने असतात. ‘रन्स’ हा रकाना टाकीतून बाहेर पाठवलेल्या तेलाचा. तो उत्पादन म्हणून घेऊ नका. विहीर १० दिवस चालून ६,००० बॅरल आले तर चालू दिवसाचा दर ६०० आहे, पण ३० दिवसांच्या महिन्याचा दर २०० च. चालू दिवस एकदम कमी झाले आणि नंतर पाणी वाढले, तर शेजारी नवे फ्रॅकिंग (जोरदार दाबाने पाणी सोडून खडकाला भेगा पाडणे) झाले होते का ते बघा. त्या काळात जुन्या विहिरी बंद ठेवतात, आणि शेजारचे पाणी त्यांच्यात शिरतेही.

आता मुख्य हिशेब. गेल्या डिसेंबरात चालू असलेल्या सगळ्या विहिरींची यादी करा आणि त्याच विहिरींचे या डिसेंबरचे उत्पादन जुळवा. समजा, तेव्हा त्या दिवसाला १२ लाख देत होत्या, आता ८ लाख देतात आणि एकूण उत्पादन १२.५ लाख आहे. वाढ दिसते ५० हजारांची, पण त्यासाठी नव्या विहिरींना ४.५ लाखांची भर घालावी लागली. नव्या विहिरींची माहिती सहा महिने गोपनीय ठेवता येते, म्हणून त्यांची भर एकेक विहीर मोजून काढू नका. एकूणातून जुन्यांचे उत्पादन वजा करा.

घट एवढी तीव्र का? बाकनचा मधला थर सुमारे ३ किलोमीटर खोल आणि फार घट्ट आहे. भेगांलगतचे तेल झपाट्याने येते, आतले मात्र हळूहळू झिरपते. पहिल्याच वर्षात विहिरीचा दर निम्म्याहून बराच खाली येतो. म्हणूनच २०२० मध्ये भाव कोसळल्यावर नवे काम थांबले, चालू विहिरीही बंद केल्या गेल्या, आणि उत्पादन इतक्या वेगाने पडले.

नव्या विहिरींची तुलना थरातून आडव्या खणलेल्या भागाच्या लांबीनुसार करा. १५,००० फुटी विहिरीने वर्षात ३ लाख आणि १०,००० फुटीने २.२ लाख बॅरल दिले, तर फुटामागे पहिलीचे २० आणि दुसरीचे २२. मोठा आकडा पहिलीचा, पण फुटामागे दुसरी सरस.

हिवाळ्याची तुलना हिवाळ्याशीच करा. कडाक्याच्या थंडीत फ्रॅकिंग आणि दुरुस्ती दोन्ही रखडतात.

शेवटी बॅरलमागे वायू किती येतो ते तपासा. विहीर जुनी होताना थरातला दाब उतरतो आणि हे प्रमाण चढते. राज्याच्या नियमानुसार ९१ टक्के वायू जाळून न टाकता पकडावा लागतो, त्यामुळे वायुवाहिनीत जागा नसेल तर चांगली विहीरही मुद्दाम कमी दराने चालवावी लागते. असा कमी दर विहिरीच्या घटीत धरू नका.