अर्ज करण्याआधी पावलं मोजा
स्टेशनबाहेरचा बसथांबा जवळ आणायचाय? आधी संध्याकाळी सातच्या गर्दीत, हातात भाजीची पिशवी घेऊन, फलाटाच्या जिन्यापासून थांब्यापर्यंत चाला. मी मोजलं: दोनशे चाळीस पावलं, मध्ये उघडं गटार आणि रिक्षांची आडवी रांग. अर्जात हेच लिहा, सोबत फोटो, शेवटच्या लोकलची अन् शेवटच्या बसची वेळ. ‘फार गैरसोय होते’ हे कुणी वाचत नाही.

उपायही सुचवा. ठाणे पश्चिमेला स्टेशनबाहेर ‘सॅटिस’ नावाचा उंच पूल आहे: बस वर, रिक्षा खाली. पादचारी पुलावरून थेट बसपाशी. तसा पूल सगळीकडे कुठला व्हायला! पण थांबा जिन्याकडे सरकवणं, रिक्षांना पट्टे आखून देणं रंगाच्या डब्यात भागतं.

अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का मात्र घ्याच.