प्रभुभोजनाच्या प्याल्यासाठी न आंबवलेला द्राक्षारस कसा तयार करावा

मराठी बायबलमध्ये ‘द्राक्षारस’ हा शब्द वाचताना डोळ्यांपुढे ताज्या फळांचा रस येतो. परंतु मूळ ग्रीकमधील ‘ओइनोस’ म्हणजे सामान्यतः आंबवलेला, चढणारा रस होय, आणि म्हणूनच करिंथ शहरातील ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या वेळी, एखादा भुकेला राहतो तर एखादा पिऊन मस्त होतो, असे प्रेषित पौलाला खेदाने लिहावे लागले. तेव्हा ‘बायबलमध्ये मद्य नव्हतेच’ या आधारावर प्याल्यात मद्याऐवजी न आंबवलेला रस घेऊ नये. खरा आधार रोमकरांस पत्राच्या १४:२१ मध्ये आहे: आपल्या खाण्यापिण्याने बंधू ठेचाळत असेल, तर ते न करणे बरे. मोठ्या कष्टाने दारू सोडलेला मनुष्यही प्रभुभोजनाच्या रांगेत उभा असतो, आणि एका घोटाचा वासही त्याला जड जाऊ शकतो.

प्रथम पाळकांना विचारावे. कॅथलिक मिस्सेत, म्हणजे त्यांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेत, द्राक्षांचाच आंबवलेला रस लागतो. मद्य न चालणाऱ्या धर्मगुरूला परवानगीने जेमतेम आंबलेला ‘मुस्तुम’ वापरता येतो. मेथडिस्ट आणि इतर अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत मात्र न आंबवलेला रस चालतो. थॉमस वेल्च या अमेरिकन मेथडिस्ट दंतवैद्याने १८६९ मध्ये रस तापवून तो आंबू न देण्याची रीत याच कामासाठी वापरली.

आपल्याकडे द्राक्षांचा हंगाम संपला की मनुकांचा आधार असतो. अर्धा किलो काळ्या मनुका कोमट पाण्यात चांगल्या चोळून धुवाव्यात, कारण सुकवताना द्राक्षांना अनेकदा तेलाचा हात दिलेला असतो. मग दीड लिटर स्वच्छ पाण्यात त्या रात्रभर भिजवाव्यात; उन्हाळ्यात पातेले फ्रीजमध्येच ठेवावे, कारण सालीवरचे यीस्ट उबेत लवकर कामाला लागते. सकाळी मंद आचेवर अर्धा तास उकळून, हाताने कुस्करून, धुतलेल्या मलमलीतून पिळून घ्यावे. गाळलेला रस पुन्हा एक उकळी आणून, उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटलीत गरम असतानाच भरावा आणि थंड झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवावा. साखर घालू नये. मनुकांची गोडी पुरते.

हा रस शनिवारी करून रविवारी वापरावा, पुढच्या प्रभुभोजनासाठी राखून ठेवू नये. झाकण उघडताना फुस्स आवाज आला किंवा कडेला बारीक बुडबुडे दिसले, तर रस आंबू लागला आहे असे समजून तो बाजूला ठेवावा आणि प्याल्यात ओतू नये.