पुरात जनावर गेलं? मदत अडकवणाऱ्या या चुका टाळा

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीचं पाणी गोठ्यात शिरलं आणि आमच्या भावकीतल्या एका घरच्या दोन गाई दावणीलाच गेल्या. वास सुटायला लागला, घरात लहान पोरं, म्हणून संध्याकाळी जेसीबी बोलावून पुरून टाकल्या. पंचनाम्याला माणसं आली चौथ्या दिवशी. त्यांना दाखवायला उरलं होतं फक्त दावं आणि ताजी माती.

पुरणं भागच होतं, पण त्याआधी अर्धा तास काढायला हवा होता. बरीच प्रकरणं इथंच अडतात. आधी तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा. शवविच्छेदन होत असेल तर थांबा. रस्ता बंद असेल, डॉक्टर पोहोचणार नसतील, तर सरपंच किंवा पोलीस पाटील आणि दोन शेजाऱ्यांना उभं करून फोटो काढा. एक पूर्ण जनावराचा, एक कानाचा अगदी जवळून. कानातल्या बिल्ल्यावरचा (टॅगवरचा) चिखल ओल्या फडक्यानं पुसा, बाराही आकडे वाचता आले पाहिजेत. फोटो लगेच तलाठ्याला व्हॉट्सॲपवर पाठवून द्या, म्हणजे तारीख-वेळ आपोआप राहते. जनावर वाहूनच गेलं असेल, तर शेजाऱ्यांचे जबाब, लसीकरणाची नोंद, डेअरीच्या दुधाच्या पावत्या असं हाती लागेल ते जमवा.

बिल्ला नसेल तर मात्र अवघड आहे. टॅगिंग नसलेल्या जनावराची भरपाई द्यायची नाही, असा राज्याचा नियम आहे. १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्रीही बंद आहे. बरेच जण बाजारातून गाय आणतात, कानात बिल्ला बघतात आणि निर्धास्त होतात. पण ऑनलाइन नोंदीत मालक म्हणून जुनाच माणूस राहतो. गाय तुमची, नाव त्याचं! जनावर घरी आणलं की त्याच आठवड्यात दवाखान्यातून ‘भारत पशुधन’ या सरकारी ऑनलाइन नोंदीत नाव बदलून घ्या. बिल्ला तुटून पडला असेल तर नवा मारून घ्या.

पंचनाम्यावर सही करण्याआधी जनावराचा प्रकार वाचा, कारण रक्कम त्यावरच ठरते. २०२२-२३ ते २०२५-२६ च्या सरकारी आपत्ती-मदतीच्या निकषांत दुधाळ गाई-म्हशीला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,०००, वासराला २०,००० आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये धरले आहेत. घाईत कुणी भलताच प्रकार लिहिला तर सही थांबवा आणि तिथल्या तिथं दुरुस्त करून घ्या. नंतर तहसीलला किती खेटे पडतात, ते मी जवळून बघितलंय. त्याच निकषांत कुटुंबामागे तीन मोठ्या दुधाळ जनावरांची मर्यादा आहे. ऑक्टोबर २०२५ च्या पूर-मदतीच्या पॅकेजमध्ये राज्यानं ती उठवली होती, पण दर वेळी तसं होईल हे धरून चालू नका.

बिबट्यानं जनावर मारलं तर दार वेगळं. ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवा.

चाऱ्याचं नुकसान तर आपण मांडतच नाही. कडवळ, मकवान, नेपियर हे सगळं उभं पीकच आहे. पण ई-पीक पाहणीत (मोबाईलवरून पिकाची नोंद करताना) लोक सोयाबीन, ऊस नोंदवतात आणि चाऱ्याचे दहा गुंठे सोडून देतात. सातबाऱ्यावर नोंद नसेल तर पंचनाम्यात ते कशाच्या आधारावर धरणार? किमान ३३ टक्के नुकसानीची अट आहेच, तरी आधी नोंद तर हवी. कडब्याच्या गंजीला उभ्या पिकासारखा हेक्टरी दर लागत नाही, पण ती वाहून गेल्याचं पंचनाम्यात लिहून घ्या. गावाला चारावाटप आलं तर गरज दाखवायला तोच कागद लागतो.

मदतीच्या यादीत नाव लागलं की विशिष्ट क्रमांक मिळतो. तो घेऊन आपले सरकार केंद्रात ई-केवायसी करायची आणि पावती जपून ठेवायची. पैसे आधार जोडलेल्या खात्यातच जातात, त्यामुळे आधार नेमकं कोणत्या बँकेला जोडलंय ते आधी तपासा. आमच्याकडे एका आजींचे पैसे त्या विसरूनच गेलेल्या जुन्या खात्यात तीन महिने पडून होते.