मांडीत रॉड आणि मीटरवर २८० वॅट

गेल्या महिन्यात एका ज्युनिअर सायकलपटू मुलाच्या वडिलांचा फोन आला. पोरगं सरावाला गेलं असताना पडलं, मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकलाय. डॉक्टर म्हणालेत, सहा महिन्यांत सायकल चालवेल. ‘म्हणजे पुढच्या नॅशनलला उतरेल ना हो?’ मला पटकन उत्तर देता येईना. डॉक्टरांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. माझीही मांडी अशीच मोडली होती, आणि सहा महिन्यांत मीही सायकल चालवत होतो. पण सायकल चालवणं वेगळं आणि शेवटच्या घाटावर पहिल्या दहांत टिकणं वेगळं. या दोन्हींच्या मध्ये माझी अडीच वर्षं गेली. त्यातलं एक वर्ष निव्वळ एका चुकीच्या आकड्यामुळे गेलं. तेवढं तरी तुमचं जाऊ नये म्हणून लिहितोय.

माझं थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर २०२२, बोपदेव घाट, सासवडकडून कोंढव्याकडे उतरताना. वळणावर बारीक खडी होती, पुढचं चाक सटकलं आणि मी उजव्या कुशीवर डांबरावर. उजव्या मांडीचं हाड मधोमध मोडलं. तेव्हा वय २२, वजन ६४ किलो, एफटीपी (म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल एवढा पायांचा जोर) २८५ वॅट. सिंहगडाचा घाट गोळेवाडीपासून वाहनतळापर्यंत ३२ मिनिटांत व्हायचा. नोकरीसाठी खेळाडू कोट्याकडे डोळे लावून बसलेलो होतो, आणि भरतीला अलीकडच्या वर्षांचीच कामगिरी धरतात हे तुम्हाला माहीत आहेच. त्यामुळे घाई होती, आणि ती घाई खरी होती. ‘करिअर नंतर बघ, आधी बरा हो’ म्हणणं सोपं असतं. ज्याचं वय सरकत असतं त्याला ते पटत नाही.

खाटेवर पडल्यापडल्या मी तेच केलं जे तुम्हीही कराल. मोबाइलवर मोठ्या सायकलपटूंचे क्रॅश शोधले आणि ते किती दिवसांत परतले ते वाचलं. यात पहिली चूक होते, म्हणून आधी ती सांगतो.

एगन बर्नाल हा २०१९ची टूर द फ्रान्स आणि २०२१ची इटलीतली जिरो जिंकलेला कोलंबियन. २४ जानेवारी २०२२ला सरावात टाइम ट्रायलच्या (एकट्याने घड्याळाविरुद्धच्या शर्यतीच्या) सायकलवर मान खाली घालून ताशी ६०च्या आसपास वेगाने जाताना थांबलेल्या बसवर मागून आदळला. मांडी, गुडघ्याची वाटी, मणके, बरगड्या धरून वीसेक हाडं मोडली, फुप्फुसांना इजा झाली. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो डेन्मार्कच्या शर्यतीत उतरला! सात महिने. मी ‘सात महिने’ एवढंच वाचलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर जून महिन्याला गोल केला. जे वाचायला हवं होतं ते तेव्हा अजून घडायचं होतं. अपघातानंतरचा त्याचा पहिला विजय आला फेब्रुवारी २०२५मध्ये, कोलंबियाच्या राष्ट्रीय स्पर्धेत. टूर, जिरो आणि स्पेनची व्हुएल्टा या मोठ्या तीन शर्यतींपैकी एकीत टप्पा जिंकायला सप्टेंबर २०२५ उजाडलं, तो व्हुएल्टात. म्हणजे शर्यतीत उतरायला सात महिने आणि जिंकायला तीन वर्षं. अपघाताच्या वेळी तो पंचवीस वर्षांचा होता आणि त्याच्यामागे जगातल्या सर्वांत श्रीमंत संघांपैकी एक संघ उभा होता.

क्रिस फ्रूमचं तर अजून कठीण. चार टूर जिंकलेला माणूस. १२ जून २०१९ला दोफिने शर्यतीत रोआनला टाइम ट्रायलचा रस्ता बघायला गेला, नाक शिंकरायला हँडलवरचा एक हात काढला, वाऱ्याचा झोत आला आणि भिंतीवर आदळला. उजवी मांडी, कोपर, बरगड्या. फेब्रुवारी २०२०मध्ये तो यूएई टूरला उतरलाही. पण त्यानंतर त्याला एकही शर्यत जिंकता आली नाही. सगळ्यांत जवळ आला तो २०२२च्या टूरमध्ये आल्प द्युएझच्या घाटावर, तिसरा. उजवा पाय डाव्याच्या तुलनेत कमी पडतोय, हे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलं होतं, आणि २०२१चा हंगाम सुरू होण्याआधी तो कॅलिफोर्नियात त्यावरच काम करत होता. हे वाक्य मी तेव्हा वाचलं होतं. वाचून पुढे गेलो. ते माझ्यासाठीच होतं, हे कळायला वर्ष लागलं.

उलट बाजूची उदाहरणंही आहेत, आणि ती खोटी नाहीत. रेम्को एव्हेनेपूल २०२०च्या इटलीतल्या लोम्बार्दिया शर्यतीत उतारावर पुलाच्या कठड्यावरून खाली पडला, कमरेचं हाड मोडलं, आणि २०२२ला व्हुएल्टा जिंकून त्याच महिन्यात विश्वविजेता झाला. व्हाल्व्हेर्देची गुडघ्याची वाटी २०१७च्या टूरच्या पहिल्याच दिवशी फुटली, वय ३७, आणि पुढच्या वर्षी तो विश्वविजेता झाला. व्हिंगेगो एप्रिल २०२४मध्ये पडला, फुप्फुसाला इजा झाली, आणि तीन महिन्यांच्या आत टूरला उतरून दुसरा आला. पण त्याचं काय मोडलं होतं ते बघा: गळपट्टीचं हाड (कॉलरबोन) आणि बरगड्या. पाय शाबूत होते. म्हणून सांगतो, बातमीतले महिने वाचू नका, कुठलं हाड ते वाचा. गळपट्टीवाल्याशी मांडीवाल्याने स्वतःची तुलना करायची नाही.

आता माझा खड्डा. इथे जरा लांबण लागेल, पण नीट वाचा.

माझ्याकडे पॉवर मीटर होता, जुन्या बाजारातून घेतलेला, फक्त डाव्या क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) बसणारा. आपल्याकडे बहुतेकांकडे तोच असतो, कारण दोन्ही बाजूंचा परवडत नाही. हा मीटर डाव्या क्रँकला किती ताण पडतो ते मोजतो आणि त्याची दुप्पट करून दाखवतो. उजवा पाय काय करतोय हे त्याला माहीतच नसतं. धडधाकट माणसाला त्याने फारसं बिघडत नाही, दोन पायांत एक-दोन टक्क्यांचा फरक सगळ्यांचाच असतो. पण माझा उजवा पाय मोडलेला होता.

सातव्या महिन्यात होम ट्रेनरवर मी चाचणी दिली. स्क्रीनवर २८०. हृदयाचे ठोकेही जुन्याइतकेच, १७०च्या आसपास. मी रडलो होतो त्या दिवशी, आनंदाने. त्या वेळच्या माझ्या प्रशिक्षकांना फोटो पाठवला, ते म्हणाले, ‘झालं, आता इंटरव्हल सुरू कर,’ म्हणजे ठरावीक वॅटवर जोर लावायचे, मध्ये विश्रांती घ्यायचे तुकडे.

खरा हिशोब असा होता: डावा पाय १४०, उजवा ११०, एकूण २५०. मीटर १४०ची दुप्पट करून २८० म्हणत होता. तीस वॅट अस्तित्वातच नव्हते. आणि मी त्या २८०वर आखलेलं वेळापत्रक पाळत होतो. म्हणजे प्रत्येक इंटरव्हलला डावा पाय ठरल्याप्रमाणे राबत होता आणि उजवा त्याच्या जिवावर फिरत होता. जितका सराव जास्त, तितका डावा बळकट, उजवा तिथेच, आणि आकडा छान वाढतोय!

हे होतं कसं, तेही सांगतो. दोन्ही पेडल एकाच अक्षाला जोडलेली असतात. डावा खाली गेला की उजवा आपोआप वर येतो, त्याने काही केलं नाही तरी. शिवाय मोठ्या दुखापतीनंतर मेंदू त्या पायाच्या मांडीच्या स्नायूला पूर्ण जोर लावू देत नाही, हाड जुळलं तरी. तुम्हाला वाटतं मी दोन्ही पायांनी मारतोय. तसं जाणवतंही. पण तो स्नायू झोपलेला असतो. म्हणून ‘सायकल चालवत राहा, पाय आपोआप येईल’ हा सल्ला मांडीच्या फ्रॅक्चरनंतर चुकीचा आहे. तो देणारे बहुतेक चांगल्या मनाने देतात. तरीही चुकीचा आहे. सायकलवर चांगला पाय वाईट पायाला लपवतो.

दम लवकर परत येतो, हीच अडचण. हृदय आणि फुप्फुसं काही महिन्यांत पूर्वपदावर येऊ लागतात, पायाला कितीतरी जास्त वेळ लागतो. त्यामुळे आतून आपण तयार आहोत असं वाटतं.

खुणा होत्या. सिंहगडाला ३६ मिनिटं लागली. मी म्हटलं, ऊन होतं. दुसऱ्यांदा ३६. म्हटलं, दोन किलो वजन वाढलंय. तिसऱ्यांदा टायरवर ढकललं. घाट आणि घड्याळ दोघंही सांगत होते आणि मी मीटरचं ऐकत होतो. मग एका शर्यतीत पहिल्याच चढाला बंचमधून (सायकलपटूंच्या घोळक्यातून) मागे पडलो, आणि दोन आठवड्यांत डावा गुडघा दुखायला लागला. न मोडलेला गुडघा! तेव्हा एका मित्राने त्याची दोन्ही बाजू मोजणारी पेडल माझ्या सायकलला लावली. दहा मिनिटं चालवल्यावर त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. डावा ५६, उजवा ४४.

त्या रात्री आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून पंधरा सेंटिमीटर मोजून पेनाने खूण केली, दोन्ही मांड्यांवर, आणि घेर मोजला. तीन सेंटिमीटरचा फरक. चौदा महिने मी ते पाय रोज बघत होतो. आईच म्हणाली, ‘अरे, एक पँट तुला एका बाजूने सैल होते म्हणून मी टीप मारून दिली होती की.’

म्हणून मीटर कुठलाही असो, महिन्यातून एकदा टेप लावा. खुर्चीवरून एका पायावर उठून बसा, दोन्ही पायांचं मोजा. माझं डाव्यावर २२ आणि उजव्यावर ९ होतं. आणि दुखापत डाव्या पायाची असेल तर हाच मीटर उलटं खोटं बोलतो, आकडा आहे त्याहून कमी दाखवतो. एक मुलगी त्यापायी खेळ सोडायच्या बेतात होती, प्रत्यक्षात ती बरीच पुढे आलेली होती.

फरक कळल्यावर काम सोपं होतं, फक्त कंटाळवाणं. एक्स-रेमध्ये हाड भरल्याचं डॉक्टरांकडून ऐका, मग एका पायाचा व्यायाम: एका पायाने लेग प्रेस, मागचा पाय बाकावर ठेवून स्क्वॉट, पायरीवरून सावकाश खाली उतरणं. आठवड्यातून तीनदा, उजव्याला एक सेट जास्त. पाच महिन्यांत मी ५२-४८वर आलो. एकदा कमावलेला स्नायू परत यायला पहिल्यापेक्षा कमी वेळ घेतो, हे मी स्वतःच्या पायावर पाहिलंय, त्यामुळे टेपवर तीन-चार सेंटिमीटर दिसले तरी हातपाय गाळू नका.

मला त्यातून बाहेर काढणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी आयुष्यात कधी रेस मारलेली नाही. त्या मोजायच्या, लिहून ठेवायच्या, आणि मी बढाई मारली की वही दाखवायच्या. माझं स्पष्ट मत आहे, दुखापतीनंतरच्या वर्षात पदकवाल्या गुरूपेक्षा वहीवाला माणूस शोधा. ‘आमच्या वेळी आम्ही प्लास्टरमध्ये सायकल मारायचो’ सांगणाऱ्यांना नमस्कार करावा आणि आपल्या वाटेला लागावं.

औषधांबद्दल मात्र सांभाळा. हाड मोडल्यावर वेदनेसाठी ट्रॅमाडॉल सर्रास लिहून देतात. सायकलिंगमध्ये यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेने मार्च २०१९पासून आणि वाडा या उत्तेजकविरोधी जागतिक संस्थेने १ जानेवारी २०२४पासून सगळ्याच खेळांत स्पर्धेच्या काळात त्यावर बंदी घातली आहे. सांध्यात देतात ती स्टेरॉइडची इंजेक्शनंही २०२२पासून स्पर्धेच्या काळात बंदीत येतात. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा की मी चाचणी होणारा खेळाडू आहे. प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवा, गरज पडली तर वैद्यकीय सूट आधी मागून घ्या. आणि जिममध्ये कुणी ‘मांडी भरायला’ काही देऊ केलं तर तिथून उठा. त्या वेळी मलाही मोह झाला होता. तीन सेंटिमीटर बघून कुणालाही होईल.

डोक्याला मार लागला असेल तर बाकी सगळं नंतर. हेल्मेट फुटलं आणि ‘काही वाटत नाही’ म्हणून त्याच दिवशी पुन्हा सायकलवर बसायचं नाही.

भीतीचं काय, असं सगळे विचारतात. माझी अजून पूर्ण गेलेली नाही. पहिले चार महिने मी बोपदेव उतरलोच नाही. मग मित्राला पुढे घालून, त्याच्या मागच्या चाकाकडे न बघता वळण जिथे संपतं तिकडे बघत उतरायला लागलो. दर रविवारी एकदा. त्या वळणाआधी माझी बोटं अजून ब्रेकवर जातात. बंचमध्ये त्यामुळे मी दोन-तीन जागा मागे पडतो, आणि त्या घाटात परत मिळवायला वॅट खर्च होतात. हाही परतण्याचाच भाग धरा. आकडा जुना आला तरी तो कुठे खर्च होतोय ते बदललेलं असतं.

त्या मुलाच्या वडिलांना मी शेवटी एवढंच सांगितलं की पुढच्या नॅशनलचं नाव काढू नका, त्याच्या पुढच्या वर्षीचं बोला, आणि टेप आजच विकत घ्या. त्यांना ते आवडलं नसावं. मुलाने मात्र रात्री दोन्ही मांड्यांच्या खुणांचा फोटो पाठवला.

माझा सिंहगड आता ३३ मिनिटांवर आहे, दोन्ही बाजू मोजणाऱ्या पेडलवर २७६ वॅट. रॉड अजून आत आहे. तो काढायचा की ठेवायचा, हे डॉक्टरांशी हंगाम संपल्यावर बोलायचं ठरलंय. परवा टेप लावली तेव्हा फरक एक सेंटिमीटर होता.