जुनी टार्गेट दुर्बीण रायफलवर कशी वापरावी

युनर्टल, फेकर आणि लायमन या अमेरिकी कारखान्यांच्या जुन्या, लांब टार्गेट दुर्बिणींच्या आत नेम सरकवणारी यंत्रणा नसते. मागच्या माउंटवरचे (नळी रायफलवर धरणाऱ्या कडीवरचे) दोन मायक्रोमीटर स्क्रू आणि त्यांच्या विरुद्ध बाजूने रेटणारी स्प्रिंग यांच्यामध्ये अख्खी नळीच हलते. ही रचना ज्याला नीट समजली, त्याला या दुर्बिणी आजही उत्तम साथ देतात.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून प्रथम दोन्ही बेसमधील, म्हणजे माउंट ज्यांवर बसतात त्या रायफलवरच्या ठोकळ्यांमधील अंतर मोजावे, कारण सगळा हिशेब त्यावरच चालतो. हे अंतर ७.२ इंच असेल, तर स्क्रूच्या ०.०००५ इंचाच्या एका क्लिकने, म्हणजे एका खाचेने, १०० यार्डांवर गोळीचा ठोका पाव इंच सरकतो. अंतर १० इंच असेल, तर तीच क्लिक ०.१८ इंचच सरकवते. म्हणजे ७.२ इंचांच्या बेसवर ५० यार्डांवर ठोका दोन इंच खाली पडत असेल, तर १६ क्लिक द्याव्या लागतील. वरचा स्क्रू सैल केला की नळीची मागची बाजू उचलली जाते आणि ठोका वर जातो. स्क्रू सैल करून थांबू नये. हव्या आकड्याच्या थोडे पुढे जाऊन, स्प्रिंगवर दाब देत परत त्या आकड्यावर यावे, म्हणजे स्क्रू आणि नळी यांच्यात फट उरत नाही.

नेत्रिका फिरवून आधी तंतू, म्हणजे दुर्बिणीत दिसणाऱ्या नेम धरण्याच्या आडव्या-उभ्या रेषा, ठळक करून घ्यावेत. मग रायफल टेकवून डोके किंचित हलवावे. तंतू लक्ष्यावर सरकताना दिसले, तर वस्तुभिंगाकडील अंतराची कडी ते स्थिर होईपर्यंत फिरवावी.

बार उडाला की रायफल मागे येते आणि नळी माउंटमध्ये पुढे घसरते. परतीची स्प्रिंग नसेल, तर प्रत्येक गोळीनंतर नळी थांब्याला टेकेपर्यंत हळुवार मागे ओढावी, आणि दर वेळी अगदी त्याच रीतीने; माझ्या मते या दुर्बिणींची अचूकता इतर कशाहूनही या सवयीवर अधिक अवलंबून आहे. नळी घसरू नये म्हणून माउंट आवळून टाकणे मात्र घातक आहे, कारण मग धक्क्याचा सगळा भार भिंगांवर आणि तंतूंवर पडतो.

नळीवर घट्ट ग्रीस लावू नये. त्यात धूळ अडकते आणि निळसर पॉलिशवर लांबच लांब ओरखडे उमटतात. स्वच्छ फडक्याने पुसून तेलाचा पुसट हात पुरे. रायफल उचलताना दुर्बिणीला धरू नये, कारण स्प्रिंगवर टेकलेली नळी त्या ओढीने सहज वाकू शकते.