ए समरी आली आणि मी फाईल बंद केली

विधी सेवेच्या (मोफत कायदेशीर मदतीच्या) वकील पॅनेलवर नाव लागलं त्याच वर्षी एक भाजीवाले काका माझ्याकडे आले. रात्री हातगाडी घेऊन घरी जाताना दोघांनी कोयत्याने वार केले, उजव्या हाताची दोन बोटं गेली. वार कोणी केले ते कळलंच नाही. पोलिसांनी कोर्टात ‘ए समरी’, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवली आणि मी काकांना सांगून टाकलं, "आता काही होणार नाही." चूक लक्षात यायला आठ महिने लागले. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

म्हणून पॅनेलवर नवीन असाल तर एवढं डोक्यात पक्कं बसवा. ए समरी म्हणजे गुन्हा खरा, फक्त आरोपी सापडला नाही. खोट्या फिर्यादीची ती बी समरी. मी दोन्हींना एकाच मापाने मोजलं. पीडिताची भरपाई आरोपीच्या खिशातूनच येते असं नाही, राज्याच्या योजनेतूनही येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९६ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ३५७अ) उघडून चौथं पोटकलम वाचा: आरोपीचा माग लागला नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी पीडित स्वतः विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतो. चौकशी दोन महिन्यांत संपवायची असते. आरोपी सापडलेला असला तरी निकालापर्यंत थांबायचं कारण नाही, अंतरिम मदत मागता येते. पण अर्जाला मुदत असते, आणि तुम्ही "बघू नंतर" म्हणता तेव्हा ती चालूच असते.

बाकीचं तुम्हाला ठाऊक असेलच: एफआयआरची प्रत फुकट, तपास कुठवर आला ते ९० दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक, बायका-मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील, विधी सेवेची हेल्पलाइन १५१००. बलात्कार किंवा ॲसिड हल्ला असेल तर राज्याची भरपाईची मनोधैर्य योजना बघा.

कोर्टाच्या व्हरांड्यात "टक्का द्या, मंजूर करून आणतो" म्हणणारे भेटतील. त्यांच्या सावलीलाही उभं राहू नका. व्हॉट्सॲपवर फिरणारे तयार अर्जही नकोत. एकात मागच्या पक्षकाराचं नाव तसंच राहिलेलं मी पाहिलंय. आमचे सीनियर "बघून शीक" म्हणायचे, पण बघायला स्वतः कधी जागेवर नसायचे. समरीतला फरक मला समजावला तो पैरवीच्या (पोलिसांचं कोर्टातलं काम बघणाऱ्या) हवालदाराने, चहाच्या टपरीवर.

घाबरू नका, पहिला अर्ज सगळ्यांचाच परत येतो. माझा तर तीनदा आला. एकदा अपंगत्वाचा दाखला नव्हता, एकदा डिस्चार्ज कार्डावर नाव चुकलं होतं. तिसऱ्यांदा काकांची सही बँकेतल्या सहीशी जुळेना. जुनी सही उजव्या हाताची होती. बँकेत जाऊन डाव्या हाताची सही आधीच नोंदवून घ्यायला हवी होती, ते आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.